लग्न परदेशातल्या माणसाशी, मग व्हिसा कुठला? गोव्यातून निघणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. मुलगा फोंड्याचाच, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट झालेला आणि इंग्लंडात स्विंडनला नोकरी करणारा, म्हणजे आपल्याकडे आता दर वाड्यावर एखादा तरी असतो तसा. साखरपुडा झाला, लग्नाची तारीख दिवाळीनंतरची काढली आणि व्हिसाचं काम एका एजंटकडे दिलं. तो म्हणाला, सब-रजिस्ट्रारकडे दोन्ही सह्या आताच करून टाका, तेवढाच पुरावा पक्का होतो, आणि मग फियान्से, म्हणजे लग्न ठरलेल्या जोडीदाराच्या, व्हिसाला अर्ज करू. आम्ही केलं. अर्ज नाकारला गेला, कारण एका ओळीचं: अर्जदार फियान्से नाही, विवाहित आहे, आणि त्याचा पुरावा आम्हीच फाइलला जोडलेला होता. फी गेली, सात महिने गेले, मांडवाचे पैसे गेले आणि आई रोज देवासमोर बसून रडत होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एकच प्रश्न सोडवा. कायद्याच्या कागदावर आज तुम्ही लग्न झालेले आहात की नाही? देवळात काय झालं, घरात काय झालं, लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवा. यावरच सगळा व्हिसा ठरतो.

गोव्यात ही गोष्ट जास्त महत्त्वाची का, तर आपल्याकडे लग्नाचा कायदा पोर्तुगीज काळापासून वेगळा आहे आणि नोंदणी सगळ्या धर्मांना सक्तीची आहे. नोंदणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या सहीला तुम्ही फक्त लग्न करायचा इरादा जाहीर करता, मग हरकती मागवणारी नोटीस लागते, ती मुदत गेली की दुसरी सही, साक्षीदारांसकट. दुसरी सही झाली की तुम्ही नवराबायको, भले देवळातलं लग्न अजून सहा महिन्यांनी असो आणि मुलगी अजून माहेरीच राहत असो. आणि उलटंही तितकंच खरं, मंगेशीला किंवा म्हार्दोळला थाटात लग्न लागलं, पाचशे माणसं जेवून गेली, पण दुसरी सही राहिली, तर परदेशातल्या वकिलातीपुढे ठेवायला तुमच्याकडे काहीच नाही. माझ्या ओळखीत एक जोडपं पहिली सही करून आलं आणि झालं रजिस्टर असं समजून दीड वर्ष स्वस्थ बसलं होतं, व्हिसाचा अर्ज भरायला बसल्यावर कळलं की सर्टिफिकेटच नाही.

तर सही करण्याआधी देश बघा, मार्ग ठरवा, मग रजिस्ट्रारकडे जा.

मार्ग ढोबळमानानं तीन. एक, फियान्से व्हिसा, म्हणजे लग्न न करता जायचं आणि तिकडे ठरलेल्या मुदतीत लग्न करायचं. दोन, लग्न इथे करायचं आणि नवरा किंवा बायको म्हणून व्हिसा मागायचा. तीन, लग्न तिकडे करून परत यायचं, त्याला काही देशांत वेगळा व्हिजिटर व्हिसा असतो. टुरिस्ट व्हिसावर जाऊन लग्न करायचं आणि तिथेच राहायचं, हा चौथा मार्ग तुम्हाला कुणीतरी काका किंवा एजंट सांगणारच. तो मार्ग नाही. विमानतळावर खोटं सांगितलं म्हणून एकदा नोंद झाली की पुढची अनेक वर्षं दरवाजा बंद होऊ शकतो.

आता देशवार. इंग्लंडवर जरा जास्त लिहिते, कारण गोव्यातून सगळ्यात जास्त प्रश्न तिथले येतात आणि गैरसमजही तिथलेच.

पोर्तुगीज पासपोर्ट असला की बायकोला लगेच घेऊन जाता येतं, हे ब्रेक्झिटच्या आधीचं झालं. जोडीदाराचं नातं ३१ डिसेंबर २०२० च्या आधी होतं तर ईयू सेटलमेंट स्कीममधून, म्हणजे ब्रेक्झिटआधी तिथे राहणाऱ्या युरोपियन नागरिकांसाठीच्या योजनेतून, कुटुंबाला येता येतं. त्यानंतर जुळलेलं लग्न असेल तर ती वाट नाही. मुलाकडे याच योजनेतला सेटल्ड (कायम राहण्याचा) किंवा प्री-सेटल्ड (त्याआधीचा) स्टेटस असेल तर तो बायकोला बोलावू शकतो, पण ब्रिटिश माणसाला लागतात तेच सगळे नियम त्याला लागतात, उत्पन्नाच्या अटीसकट. ही अट ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड आहे, त्याआधी १८,६०० होती. नात्यातल्या कुणाचं पाच वर्षांपूर्वी कमी पगारात झालं म्हणून तुमचं होईल असं धरू नका. आणि हे उत्पन्न तिकडच्या जोडीदाराचं लागतं, तुम्ही इथे पर्वरीत आयटीत कितीही कमवत असाल तरी तो पगार यात धरत नाहीत. पगार कमी पडत असेल तर बचत दाखवता येते, पण नुसत्या बचतीवर करायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात पडून असायला हवेत, ते किती जणांकडे असतात.

इंग्लंडचा फियान्से व्हिसा सहा महिन्यांचा असतो. त्या सहा महिन्यांत लग्न करायचं आणि मग तिथूनच परत स्पाउस, म्हणजे नवराबायकोच्या, व्हिसाला अर्ज करायचा, म्हणजे फी दोनदा, आणि मधल्या काळात नोकरी करता येत नाही. शिवाय तिथे लग्नाआधी रजिस्टर ऑफिसला जाऊन नोटीस द्यावी लागते, ती २८ दिवसांची, म्हणजे सहा महिन्यांतला एक तसाच जातो. लग्न इथे करून स्पाउस व्हिसा घेतला तर तो बाहेरून अर्ज करणाऱ्याला २ वर्षं ९ महिन्यांचा मिळतो आणि पोचल्या दिवसापासून काम करता येतं. त्याला व्हिसा फीशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज आहे, वर्षाला १,०३५ पौंड, तो सगळा एकदम आगाऊ भरायचा, तो तीन वर्षांचा धरून ३,१०५ होतो. आकडा बघून घाबरायला होतं, पण फियान्से मार्गानं गेलात तरी हा नंतर भरायचाच आहे, त्यामुळे माझं मत विचाराल तर इंग्लंडसाठी लग्न इथेच करा, दुसरी सही करा, सर्टिफिकेट घ्या आणि स्पाउस म्हणून अर्ज करा. फियान्से त्यांनाच बरा ज्यांना काही कारणानं लग्न तिकडेच करायचंय.

नुसतं लग्न तिकडे करून परतायचं असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा वेगळा आहे. साध्या टुरिस्ट व्हिसावर तिथे लग्न करता येत नाही.

इंग्लंडसाठी अजून दोन गोष्टी वेळ खातात. एक इंग्रजीची परीक्षा, अगदी सुरुवातीची ए-वन पातळी लागते, पण ती मान्यता असलेल्या सेंटरचीच हवी. शाळा-कॉलेज इंग्रजी मीडियमचं आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही, डिग्री इंग्रजीतून झाल्याचं तिकडच्या एक्टिस नावाच्या संस्थेकडून लिहून आणावं लागतं. दुसरी टीबीची तपासणी, तीही मान्यताप्राप्त क्लिनिकमधलीच चालते, गावातल्या डॉक्टरची नाही. ते सर्टिफिकेट सहा महिनेच चालतं, त्यामुळे फार आधी करून ठेवू नका. आमच्या बहिणीचं पहिल्या अर्जाचं असंच वाया गेलं, दुसऱ्या वेळी परत रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबई.

अमेरिकेचं गणित वेगळं. तिथे पहिला प्रश्न, जोडीदार सिटिझन आहे, ग्रीन कार्डवर आहे की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर? के-वन हा फियान्से व्हिसा फक्त अमेरिकन सिटिझनच्या जोडीदाराला मिळतो. त्यासाठी तिकडचा माणूस आय-१२९एफ हा फॉर्म भरतो, आणि गेल्या दोन वर्षांत तुम्ही दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. व्हिडिओ कॉल ही भेट नाही. आपल्याकडे रीत नाही म्हणून भेटलो नाही, असं सांगून सूट मागता येते, पण ती क्वचितच देतात, त्यावर विसंबू नका. व्हिसा मिळून अमेरिकेत उतरलात की ९० दिवसांत त्याच माणसाशी लग्न करायचं, मग आय-४८५ भरून ग्रीन कार्ड मागायचं, आणि ते हातात येईपर्यंत, आजी आजारी पडली म्हणून, आधी परवानगी न घेता देश सोडलात तर अर्ज रद्द धरतात.

के-वन करणाऱ्यांनी इथे एक फार सांभाळायचं. इंटरव्ह्यूला साखरपुड्याचे फोटो नेतात, त्यात मुलगी शालू नेसलेली, गळ्यात हार, डोक्यावर अक्षता, मागे भटजी. समोरच्या अधिकाऱ्याला ते लग्नच दिसतं, आणि लग्न झालंय असं त्याला वाटलं की के-वन संपला. म्हणून साखरपुडा साधा ठेवा, अंगठी घाला, पेढे वाटा, फोटोच्या मागे तारीख आणि "साखरपुडा" हे इंग्रजीत लिहा, आणि मंगळसूत्र, सप्तपदी, दुसरी सही हे काहीही त्याआधी नको.

लग्न इथे केलंत तर सिटिझन नवरा किंवा बायको आय-१३० भरते. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर मिळणाऱ्या व्हिसाला सीआर-वन म्हणतात, ग्रीन कार्ड दोन वर्षांचं अटीचं येतं आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरून अट काढून घ्यायची. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. वाट जास्त बघावी लागली तरी सीआर-वनवर उतरल्यापासून काम करता येतं, म्हणून मला तोच बरा वाटतो. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला मात्र रांग असते, ती पुढेमागे होते. आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुलामुलींचं असतं तसं जोडीदार एच-वन-बीवर असेल तर फियान्से वगैरे काही नाही, आधी लग्न, मग एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. एच-फोरवर नोकरी सगळ्यांना करता येत नाही, जोडीदाराचं ग्रीन कार्डचं आय-१४० हे पाऊल मंजूर झालं असेल तर साधारण वर्क परमिट मिळतं. हे लग्नाच्या बैठकीतच विचारा, नोकरी करणाऱ्या मुलीनं तर नक्की विचारा, लाजू नका. गोवा अमेरिकेच्या मुंबई कॉन्सुलेटखाली येतो, इंटरव्ह्यू तिथेच.

कॅनडाला फियान्से व्हिसा नाहीच. लग्न करा, मग सिटिझन किंवा पीआर (कायम रहिवासी) असलेला जोडीदार स्पॉन्सर करतो. न लग्न करता एक वर्ष एकत्र राहिलेले कॉमन-लॉ म्हणून चालतात. मुखत्यारपत्र देऊन किंवा फोनवर, व्हिडिओवर लागलेलं लग्न कॅनडा इमिग्रेशनसाठी धरत नाही, दोघांनी एका जागी हजर असायला हवं, म्हणून सहीच्या दिवशी मुलाला रजा मिळत नाही अशी सबब असेल तर तारीख पुढे ढकला पण दोघं जा.

ऑस्ट्रेलियाला प्रॉस्पेक्टिव्ह मॅरेज व्हिसा आहे, सबक्लास ३००. तो ९ ते १५ महिन्यांचा, त्यावर काम करता येतं, मुदतीत लग्न करून पुढे पार्टनर व्हिसाला अर्ज. भारतात लग्न केलंत तर सबक्लास ३०९ हा पार्टनर व्हिसा. दोन्हींची फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जाते आणि ती परत मिळत नाही, तेव्हा कागद कच्चे असताना घाई नको. तिथे लग्नाआधी किमान एक महिन्याची नोटीस लागते. न्यूझीलंडला तर ठरवून केलेल्या लग्नासाठीच एक वेगळा व्हिजिटर व्हिसा आहे, तीन महिन्यांत लग्न करायचं, आपल्यासारख्यांसाठीच असल्यासारखा, पण तो फार जणांना माहीत नसतो.

जर्मनीला लग्नासाठीचा व्हिसा असतो, ए-वन जर्मन लागतं, आणि भारतीय कागद तिथे नुसत्या अपोस्टिलवर, म्हणजे कागद खरा असल्याच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्यावर, चालत नाहीत, त्यांचा दूतावास इकडे माणूस पाठवून कागद तपासतो, त्यात महिने जातात. जर्मनवाल्यांनी भाषेचा क्लास साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी लावावा.

पोर्तुगालला जाणाऱ्यांना गोव्याचा एक फायदा, पोर्तुगालचं कॉन्सुलेट पणजीतच आहे. जोडीदार पोर्तुगीज असेल तर इथलं लग्न पोर्तुगालच्या नोंदीत चढवून घ्यायचं, ते करायला लोक विसरतात आणि मग तिकडच्या कागदावर मुलगा अविवाहितच राहतो. लग्नाला तीन वर्षं झाली की पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तो पासपोर्ट घेतलात की भारताचा सोडायचा, हे आईवडिलांना आधी समजावून सांगा. आणि युरोपच्या दुसऱ्या देशात, म्हणजे फ्रान्स किंवा आयर्लंडला, पोर्तुगीज जोडीदाराबरोबर राहायला जाणाऱ्यांना ईयूचे फ्री मूव्हमेंटचे, म्हणजे सदस्य देशांत मोकळेपणानं जाऊन राहण्याचे, नियम लागतात, ते तिथल्या देशी लोकांच्या नियमांपेक्षा बऱ्याचदा सोपे असतात.

गल्फ सोपं वाटतं, पण अडतं ते अटेस्टेशनवर, म्हणजे कागदावरच्या सरकारी शिक्क्यांवर. दुबईला बायकोला नेण्यासाठी पगार ४,००० दिरहम किंवा ३,००० आणि राहायची जागा अशी अट आहे. मॅरेज सर्टिफिकेटवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या दूतावासाचा, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. यूएई अपोस्टिल मानत नाही. ओमान, बहरीन, सौदी मानतात. एजंट सगळ्यांना एकच पॅकेज विकतात, तुम्ही देश बघून विचारा.

आता कागद. इथे खरं काम असतं आणि इथेच माणूस थकतो.

टेबलावर सगळं पसरा: जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पासपोर्ट, आईवडिलांचे कागद. एकेक नाव बोट ठेवून वाचा. आमच्या बहिणीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर एक ए जास्त, आणि आईचं तर सासरी बदललेलं नाव एकीकडे आणि माहेरचं दुसरीकडे. आई म्हणाली, अगं मीच ती, कुणाला काय फरक पडतो. कागद तपासणाऱ्याला पडतो. दुरुस्ती करायची तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे करा आणि लग्नाच्या पहिल्या सहीच्या आधी करा, कारण चुकीचं स्पेलिंग मॅरेज सर्टिफिकेटवर उतरलं की दोन ठिकाणी दुरुस्त्या. आणि नवरीचं नाव बदलायची आपली रीत आहे, तांदळात नवं नाव लिहितात, ते जरूर लिहा, पण पासपोर्टवर आणि आधारवर व्हिसा हातात येईपर्यंत माहेरचंच नाव राहू द्या.

जन्मदाखला इंग्रजीत, पूर्ण माहितीचा काढा. पोर्तुगालच्या कामाला नोंदीची पूर्ण नक्कल लागते, जुनी माणसं तिला तेओर म्हणतात. जोडीदार आधी घटस्फोटित असेल तर घटस्फोटाची डिक्री, विधुर असेल तर मृत्यूचा दाखला, हे लपवण्याचा प्रयत्न करू नका, अर्जात प्रश्न स्पष्ट असतो. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या साइटवरून मागायचं, काम पणजीतून होतं, पण पोलीस घरी येतात तेव्हा कुणीतरी घरी हवं, चतुर्थीच्या आठवड्यात अर्ज टाकून सगळे मामाकडे गेलात तर अडकतो.

नात्याचा पुरावा म्हणजे दोनशे फोटोंचा अल्बम नाही. पंधरावीस फोटो पुरे, वेगवेगळ्या दिवसांचे, दोन्हीकडची माणसं असलेले, मागे कोण आणि कधी ते लिहिलेलं. विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास टाकून देऊ नका. चॅटचे सगळे स्क्रीनशॉट नकोत, महिन्याचे दोनचार ठेवा ज्यात रोजचं बोलणं दिसतं, जेवलीस का, बाबांचं ऑपरेशन कसं झालं. एकमेकांना पैसे पाठवले असतील तर त्याच्या पावत्या.

लग्नाआधी अजून एक, हे व्हिसाचं नाही पण परदेशातल्या जोडीदाराला कुणी सांगत नाही. गोव्यात लग्न झालं आणि काही वेगळं लिहून ठेवलं नाही तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. वेगळं हवं असेल तर तो करार लग्नाआधीच नोंदवावा लागतो, नंतर बदलता येत नाही. एकदा वकिलाशी बसून घ्या.

आणि मुलीच्या घरच्यांनी तिकडच्या मुलाचे कागद मागायला संकोच करू नये. पासपोर्टची कॉपी, व्हिसा किंवा स्टेटसचा पुरावा, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आणि अविवाहित असल्याचा तिकडच्या सरकारचा दाखला. प्रामाणिक मुलगा हे दोन दिवसांत पाठवतो, कारण व्हिसाला त्याला हेच सगळं लागणार असतं.

उलटा प्रवास असेल, म्हणजे परदेशी माणूस गोव्यात राहायला येणार असेल, तर त्याच्या देशातून अविवाहित असल्याचा दाखला आणून इथे दोन सह्या होतात, त्यासाठी दोन सह्यांच्या मधले दिवस धरून त्यानं मुक्काम ठेवावा, चार दिवसांच्या सुट्टीत होत नाही. लग्नानंतर भारतीयाचा जोडीदार म्हणून एक्स व्हिसा ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवरून मागायचा, आणि नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो.

अर्ज स्वतः वाचा, एजंट कितीही ओळखीचा असला तरी. सबमिट करण्याआधी त्याच्याकडून पूर्ण फॉर्मची पीडीएफ मागून घ्या आणि "वैवाहिक स्थिती" हा रकाना दोघांनी बघा, कारण खाली सही तुमची असते, त्याची नाही. फी आणि उत्पन्नाचे आकडे बदलत राहतात, त्यामुळे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर परत बघा.

बहिणीच्या दुसऱ्या अर्जाला आम्ही एजंट घेतलाच नाही. पहिला नकार कसा झाला ते एका पानावर सरळ लिहिलं, चूक आमची आहे, लपवायचं काही नव्हतं, असं, आणि मॅरेज सर्टिफिकेट सगळ्यात वर लावलं. अडीच महिन्यांत पासपोर्ट परत आला. मोपाच्या विमानतळावरून निघताना मूळ कागदांची फाइल तिनं हातातल्या पर्समध्ये ठेवली, सुटकेसमध्ये नाही, तेवढं तुम्हीही करा.